स्नायू फक्त ओढतो : हाताची रचना आणि वाकड्या बोटांचं कोडं



आजचा आपला विषय आहे माणसाची स्नायुसंस्था. विषय मोठा आहे. शरीरात 600हून जास्त स्नायू आहेत. त्यांची नुसती नावं वाचायची म्हटली तरी वेळ पुरायचा नाही, आणि नावं पाठ केल्याने स्नायू समजतात असंही नाही. म्हणून आज मी एकच अवयव घेतो, तो म्हणजे हात. आणि एकच प्रश्न घेतो.

प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्याच्या ओळखीचा आहे. कुष्ठरोग होऊन गेलेल्या माणसाची वाकडी झालेली बोटं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. पंजा उघडत नाही, बोटं नखांकडून आत वळलेली. ही बोटं वाकडी का होतात? लोक म्हणतात, रोगाने हात खाल्ला. तसं नाही. त्या हातातले काही स्नायू बंद पडलेले असतात आणि काही चांगले धडधाकट असतात. बोटं वाकडी करतात ते हे धडधाकट स्नायू. हे कसं होतं ते नीट कळलं, तर स्नायुसंस्थेचा मुख्य नियम कळला असं समजा. आणि हे वेळेवर ओळखता आलं, तर एखाद्याचा हात वाचू शकतो. तेवढ्यासाठी आजचं व्याख्यान.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपल्याकडे बोलताना सगळ्यालाच 'नस' म्हणायची सवय आहे. मनगटावर निळी रेघ दिसते तीही नस, मान अवघडली तरी नस, पाय झिणझिणला तरी नस दबली. आज आपण चार शब्द वेगळे ठेवू. रक्त वाहून नेते ती रक्तवाहिनी. आकुंचन पावून हालचाल घडवतो तो स्नायू, म्हणजे मांसल भाग. स्नायूचं टोक हाडाला बांधणारी पांढरी, चिवट दोरी म्हणजे कंडरा. पोटरीच्या खाली, टाचेच्या वर चिमटीत धरून पाहा, जाड दोरखंडासारखी लागते ती कंडरा. आणि मेंदू व मज्जारज्जूकडून स्नायूला हुकूम आणणारी, त्वचेकडून स्पर्शाची खबर परत नेणारी ती चेता. इंग्रजीत जिला नर्व्ह म्हणतात ती ही.

स्नायूंचेही तीन प्रकार आहेत, हे शाळेत झालेलं आहे. हृदयाचा स्नायू, जो दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो आणि आपली परवानगी विचारत नाही. आतड्यांच्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले मृदू स्नायू, तेही आपल्या मर्जीबाहेरचे. आणि तिसरे हाडांना बांधलेले ऐच्छिक स्नायू. प्रौढ पुरुषाच्या वजनापैकी साधारण 40 टक्के वजन या तिसऱ्या प्रकाराचं असतं, बायकांमध्ये थोडं कमी. आज आपण बोलतो आहोत ते या ऐच्छिक स्नायूंबद्दल.

स्नायू आखडतो म्हणजे काय होतं?

स्नायूची बांधणी दोरखंडासारखी असते. दोरखंडात पीळ, पिळात सूत, सुतात तंतू. स्नायूत तसेच जुडगे असतात, जुडग्यात स्नायुतंतू, आणि त्या तंतूच्या आत त्याहून बारीक धागे. हे बारीक धागे दोन जातींचे असतात. जाड धागे मायोसिन नावाच्या प्रथिनाचे, बारीक धागे मुख्यतः ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे.

आता दोन्ही हात समोर धरा. बोटं सरळ ठेवून एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांमध्ये अर्धवट घाला. आणखी आत सरकवा. काय झालं? एकाही बोटाची लांबी कमी झाली नाही, पण दोन तळव्यांमधलं अंतर कमी झालं. स्नायू आखडतो तो असाच. धागे लहान होत नाहीत, एकमेकांत सरकतात. हे 1954 साली शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडलं, आणि आजही स्नायूच्या कामाचं स्पष्टीकरण इथूनच सुरू होतं.

सरकवतं कोण? जाड धाग्यांवर असंख्य छोटी डोकी असतात. ती बारीक धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा धरतात. विहिरीतून बादली शेंदताना आपण दोर एका हाताने ओढतो, दुसऱ्या हाताने पुढचा धरतो, तसंच. आणि यात एक गंमत आहे. प्रत्येक वेळी पकड सोडायला ऊर्जा लागते. एटीपी नावाचा रेणू ती ऊर्जा पुरवतो. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते याच कारणाने. एटीपी संपलेलं असतं, पकड सुटत नाही.

आता आजच्या विषयाचा कणा. या यंत्रणेत धागे एकमेकांत ओढून घेता येतात, पण बाहेर ढकलता येत नाहीत. म्हणजे स्नायू फक्त ओढू शकतो. स्नायूला ढकलता येत नाही.

तुम्ही म्हणाल, चिखलात रुतलेली बंडी आम्ही ढकलतो की! ढकलता, पण तुमचा एकही स्नायू ढकलत नसतो. दंडाच्या मागच्या बाजूला हात लावून पाहा आणि भिंतीला रेटा द्या. मागचा स्नायू, ज्याला ट्रायसेप्स म्हणतात, तो घट्ट होतो. तो कोपराच्या मागच्या हाडाला ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो, आणि सरळ होणारा हात बंडीला रेटतो. पुढचा बायसेप्स ओढला की कोपर वाकतं, मागचा ट्रायसेप्स ओढला की सरळ होतं. एकाने ओढायचं, दुसऱ्याने सैल सोडायचं.

म्हणून जवळजवळ प्रत्येक सांध्यावर स्नायू जोडीने किंवा गटाने काम करतात. वाकवणारा एक, सरळ करणारा दुसरा. सांधा स्थिर राहतो तोही दोघांच्या ताणाने. मांडवाचा खांब उभा राहतो तो चहूबाजूंच्या दोरांनी. त्यातला एक दोर तुटला, तर खांब कुणीकडे कलतो? तुटलेल्या दोराच्या बाजूला नाही. उलट बाजूला, जिकडचे दोर शाबूत आहेत तिकडे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बोटात स्नायू नसतो

आता हाताकडे या. एका हाताची बोटं भराभर हलवा, आणि दुसऱ्या हाताने कोपराच्या खालचा मांसल भाग धरा. हालचाल तिथे जाणवते ना? बोटाला वाकवणारा मांसल भाग बोटात नाहीच. तो कोपर आणि मनगटाच्या मध्ये आहे. तिथून लांब कंडरा मनगटातून, तळव्यातून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीसारखं आहे हे. बाहुली पुढे नाचते, ओढणारा मागे बसलेला असतो. बोट जर मांसाने भरलेलं असतं, तर जाडजूड झालं असतं आणि त्याने सुईत दोरा ओवता आला नसता.

पण नुसत्या लांब दोऱ्यांवर हाताचं काम भागत नाही. तळव्यात आणखी एकोणीस-वीस छोटे स्नायू आहेत. काही अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा करतात, काही करंगळीच्या बाजूला आहेत, काही तळव्याच्या हाडांच्या मधल्या फटींत दडलेले आहेत. म्हणजे हातात दोन टोळ्या काम करतात. लांब टोळी ताकदीची, छोटी टोळी नेमकेपणाची.

छोटी टोळी काय करते, ते कापूस वेचणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहिलं की कळतं. उमललेल्या बोंडातून कापूस काढताना ती मूठ आवळत नाही. बोटं मुळाशी वाकतात, पण पुढे बरीचशी सरळ राहतात, आणि अंगठा त्यांच्या समोर येतो. मग पाची बोटांची टोकं एकत्र येऊन कापूस अलगद निघतो, आणि बोंडाच्या सुकलेल्या टोकदार पाकळ्या बोटाला टोचत नाहीत. घास घेतानाचा हात असाच, चरख्यावर पेळू धरणारा हात असाच, पेन धरणाराही असाच. मुळाशी वाकलेलं आणि पुढे सरळ, अशी बोटाची ठेवण या तळव्यातल्या छोट्या स्नायूंमुळे होते. लांब स्नायूंना एकट्याने ती जमत नाही.

हुकूम तुटला की

प्रत्येक स्नायुतंतूला चेतेचा एक बारीक फाटा येतो. मेंदूकडून संदेश आला की त्या फाट्याच्या टोकाशी एक रसायन सुटतं, तंतूच्या आत कॅल्शियम मोकळं होतं आणि धागे सरकू लागतात. संदेश नाही तर हालचाल नाही. इतकंच नाही, चेता तुटलेला स्नायू हळूहळू वाळतो.

इथे एक फरक समजून घ्या. हात मोडून प्लॅस्टरमध्ये सहा आठवडे ठेवला, तरी तो बारीक होतो. पण तो वापर नसल्यामुळे. चेता शाबूत असते, व्यायाम केला की स्नायू परत भरतो. चेताच गेली असेल, तर कितीही मनात आणलं तरी स्नायूपर्यंत हुकूम पोहोचत नाही. तुटलेली चेता पुन्हा वाढली, तर दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने वाढते. कोपर ते तळवा हे अंतर 30 सेंटिमीटर धरा. म्हणजे तीनशे दिवस. आणि स्नायू काही अनंतकाळ वाट पाहत नाही. वर्ष-दोन वर्षं गेली की त्याच्या जागी चरबी आणि दोऱ्यासारखे निरुपयोगी तंतू येतात. त्यानंतर चेता आली तरी उपयोग नाही.

आता कुष्ठरोग. याचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने 1873 साली शोधला. या जंतूच्या दोन खोडी आहेत. त्याला चेतांमध्ये राहायला आवडतं, आणि त्याला थंड जागा आवडते. शरीराच्या आत ऊब असते, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेलगतच्या चेतांत राहतो. अशा जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत महत्त्वाची कोपराची. कोपराच्या आतल्या बाजूला एक हाड वर आलेलं आहे, त्याच्या मागच्या खाचेतून एक चेता जाते. कोपर तिथे आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ते याच चेतेमुळे. तिचं नाव अल्नर. तळव्यातल्या छोट्या टोळीपैकी बहुतेक स्नायूंना हुकूम देते ती हीच.

या चेतेला सूज आली, ती दबली, की दोन गोष्टी होतात. करंगळीकडची बाजू बधिर होते. आणि तळव्यातली छोटी टोळी कामावरून जाते. लांब टोळी बहुतेक शाबूत असते. आता मांडवाचा खांब आठवा. बोटांना मुळाशी वाकवणारा आणि पुढे सरळ ठेवणारा दोर तुटला. मग हाताच्या मागच्या बाजूचा लांब स्नायू बोटाला मुळाशी मागे ओढतो, आणि तळव्याच्या बाजूचा लांब स्नायू बोटाची पुढची पेरं आत वळवतो. बरोबर उलटी ठेवण होते, मुळाशी मागे आणि पुढे वाकलेली. हाच तो वाकडा पंजा. आधी करंगळी आणि अनामिका. मनगटाजवळची दुसरी चेता, मीडियन, हीसुद्धा गेली तर चारही बोटं, आणि अंगठा समोर यायचा बंद होतो.

म्हणजे पाहा, या हातात जंतूने बोट खाल्लेलं नाही. पुढे जे बिघडतं ते बधिरपणामुळे. अशा हाताने भांडं धरलं, विळा धरला, कापूस वेचला, तर सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो. तिथे स्पर्श नाही. चटका कळत नाही, काटा कळत नाही. फोड होतो, चिघळतो, हाडापर्यंत जातो, बोट आखूड होतं. दुखणं हा राखणदार असतो. तो गेला की हात उघडा पडतो.

पायातही हेच घडतं. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला हाडाला वळसा घालून एक चेता जाते. ती गेली की नडगीच्या बाजूचे, पाऊल वर उचलणारे स्नायू बंद पडतात. पोटरीचे शाबूत राहतात. मग पाऊल लोंबतं, चालताना चप्पल निसटते, अंगठा दगडाला ठेचतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू गेला की पापणी मिटत नाही, कारण वर उचलणारा स्नायू शाबूत असतो. नियम तोच.

वर्ध्याचा वाटा

हे सगळं वर्ध्यात बसून सांगण्याला कारण आहे. 1936 साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी काम उभं केलं. त्याच वर्षी गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश केली. त्या काळी कुष्ठरुग्णाला हात लावायला कुणी धजत नसे, हे लक्षात घेतलं तर या कृतीचं वजन कळतं.

पण त्या वेळी खात्रीचं औषध हाताशी नव्हतं. डॅप्सोन आलं ते नंतर. 1951 साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानची स्थापना झाली, तिचं मुख्य केंद्र वर्ध्यात. डॉ. वर्देकर यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने एक पद्धत बसवली. गावोगाव घरोघर जाऊन तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार, तिन्ही एकत्र. रुग्ण आपल्याकडे येईल याची वाट पाहायची नाही, आपण त्याच्याकडे जायचं. 1955मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात याच रीतीने काम झालं. पुढे 1980च्या दशकात अनेक औषधं एकत्र देणारा बहुविध औषधोपचार आला, तेव्हाही देशात अगदी सुरुवातीला तो ज्या जिल्ह्यांत राबवला गेला त्यांत वर्धा होता.

आज रोग औषधाने पूर्ण बरा होतो. प्रकारानुसार सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हा टप्पा भारताने 2005 अखेर गाठला. म्हणजे रोग संपला असं नाही. नवे रुग्ण अजून सापडतात, विदर्भातही सापडतात.

आणि इथेच स्नायूंचा धडा उपयोगी पडतो. गोळ्या जंतू मारतात. वाळलेला स्नायू त्या परत आणत नाहीत. जंतू संपला तरी बोटं वाकडीच राहिली, तर लोक समजतात रोग अजून अंगात आहे. त्या माणसाला लग्नाच्या पंगतीत बाजूला बसवतात, कामावर घेत नाहीत. खरं तर तो हात एखाद्या जुन्या अपघाताच्या खुणेसारखा आहे. त्यातून कुणाला काही होत नाही.

एका दोराच्या जागी दुसरा

वाकडा पंजा सरळ करता येतो का? येतो, आणि तोही याच नियमाने. 1940च्या दशकाच्या अखेरीस तमिळनाडूत वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक होते. एका कुष्ठरुग्णाच्या वाकड्या हातात त्यांनी आपला हात दिला आणि दाबायला सांगितलं. रुग्णाने इतक्या जोराने दाबला की त्यांना दुखलं. त्यांच्या लक्षात आलं की या हातात ताकदीचे स्नायू जिवंत आहेत. मग त्यातला एखादा काढून दुसऱ्या कामाला का लावू नये?

शस्त्रक्रिया होते ती अशी. प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या दोन लांब कंडरा असतात. एकीवर काम भागू शकतं. म्हणून एका बोटाची एक कंडरा सोडवून घेतात, तिचे चार फाटे करतात आणि चारही बोटांच्या बाजूने अशा जागी शिवतात की ती ओढली गेली की बोट मुळाशी वाकेल आणि पुढे सरळ होईल. गेलेल्या छोट्या टोळीचं काम लांब टोळीतला एक गडी करू लागतो. लोंबणाऱ्या पावलासाठी, पाऊल आत वळवणाऱ्या स्नायूची कंडरा पुढे आणून पावलाच्या वर बांधतात. आणि न मिटणाऱ्या डोळ्यासाठी कानशिलावरच्या, चावायच्या स्नायूचा पट्टा पापण्यांपर्यंत आणतात. मग तो माणूस दात आवळतो आणि त्याचा डोळा मिटतो.

यातली अर्धी मेहनत शस्त्रक्रियेनंतरची. मेंदूला नवं शिकवावं लागतं. ज्या स्नायूने आजवर बोट आत वाकवलं, त्यालाच आता बोट सरळ ठेवायचं आहे. काही आठवडे फिजिओथेरपीत रोज तेच काम घोटून घ्यावं लागतं. तेही करण्याआधी अट असते, सांधे मोकळे हवेत. आखडून गेलेल्या सांध्यावर चांगला स्नायूही काही करू शकत नाही. म्हणून रोज तेल लावून दुसऱ्या हाताने वाकडं बोट सरळ करायचं, हा साधा उपाय रुग्णांना शिकवतात. तो स्नायू परत आणत नाही, पण सांधा वाचवतो.

घरी करायच्या चार तपासण्या

शस्त्रक्रियेपर्यंत वेळ येऊच नये, हे सगळ्यांत चांगलं. चेतेला सूज येऊन कमजोरी सुरू होऊन सहा महिन्यांच्या आत उपचार मिळाला, तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी सूज उतरून स्नायूची ताकद परत येण्याची बरीच आशा असते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. जितका उशीर, तितकी आशा कमी. म्हणून आरोग्य कर्मचारी ज्या तपासण्या करतात, त्यांतल्या चार सांगतो. ज्यांना चट्टा आहे, बधिरपणा आहे, किंवा ज्यांचे उपचार चालू आहेत, त्यांनी त्या नियमित कराव्यात.

एक. तळवा वर करून हात टेबलावर ठेवा. करंगळी बाकीच्या बोटांपासून बाजूला करा. दुसऱ्याने ती हलकेच आत ढकलावी. टिकली पाहिजे.

दोन. तळवा तसाच वर ठेवून अंगठा सरळ छताकडे उभा करा. दुसऱ्याने तो खाली दाबावा. टिकला पाहिजे.

तीन. बसून टाच जमिनीला टेकवा आणि पाऊल वर उचला. वरून दाबलं तरी खाली जाता कामा नये.

चार. डोळे अलगद मिटा. फट राहता कामा नये. मग घट्ट मिटा, बोटाने हलके उघडायचा प्रयत्न केला तरी उघडू नयेत.

दोन्ही बाजूंची तुलना करा. एक बाजू कमजोर वाटली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. 'सोयाबीन सोंगून झालं की जाऊ' असं म्हणू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका. पुष्कळदा दुखतच नाही, तोच यातला धोका आहे.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*प्रश्न : गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला. आता हाताला काही होणार नाही ना?*

होऊ शकतं. मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात राहतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर धावून जाते. त्या झटापटीत चेतेला सूज येते. हे कोर्स चालू असताना होतं, कधी संपल्यावरही होतं. म्हणून तपासणी कोर्सनंतरही चालू ठेवायची. याचा अर्थ रोग परत आला असा नाही.

*प्रश्न : वाकड्या बोटांच्या माणसाच्या हातचं खाल्लं तर?*

काही होत नाही. ज्याचा उपचार झाला आहे त्याच्याकडून रोग पसरत नाही. पसरतो तो उपचार न घेतलेल्या काही रुग्णांकडून, मुख्यतः श्वासावाटे, दीर्घ सहवासाने. आणि बहुतेक माणसांच्या अंगात या जंतूला तोंड देण्याची ताकद उपजतच असते.

*प्रश्न : करंगळी कमजोर म्हणजे कुष्ठरोगच का?*

मुळीच नाही. कोपराला मार, मानेच्या मणक्याचा दाब, मधुमेह, रोज कोपर टेकून काम करणं, अशी इतर कारणंही असतात. निदान डॉक्टरांनी करायचं. आपण एवढंच करायचं की कमजोरी लपवायची नाही आणि वेळ दवडायचा नाही. कारण कोणतंही असो, चेतेविना स्नायू सारखाच वाळतो.

*प्रश्न : रबरी चेंडू दाबण्याचा व्यायाम करावा का?*

वाकडा पंजा होऊ लागला असेल तर नको. चेंडू दाबताना काम करते ती लांब टोळी, आणि ती तर आधीच जोरात आहे. बोटं आणखी आत ओढली जातील. व्यायाम उलटा हवा. बोटं मुळाशी वाकवून पुढची पेरं सरळ करण्याचा. कापूस वेचतानाची ठेवण सांगितली होती ना, तीच. कोणता स्नायू कुणीकडे ओढतो हे माहीत नसेल, तर व्यायामही नुकसान करतो.

तर मंडळी, इथे थांबतो. पुढच्या वेळी पाठीच्या कण्याला उभं ठेवणारे स्नायू आणि आपली कंबरदुखी हा विषय घेऊ. आज घरी गेल्यावर ती चार तपासण्यांची रीत घरच्यांना दाखवा, आणि शेजारी कुणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल तर त्यांनाही सांगा.